काचेबाहेरचे मोघे सर

मोघे सर आइस हॉकीचा सामना बघायला बसले की पककडे बघत नसत. पक म्हणजे ती काळी, जाड रबरी चकती. सगळा खेळ तिच्यासाठी चालतो आणि सगळ्या आयांचे डोळे तिच्यावर खिळलेले असतात. सर मात्र चकती जिथे नाही तिथे बघत. एका टोकाला गोल व्हायचा, पालक बाकांवरून उठून ओरडायचे, आणि हे साठीचे गृहस्थ दुसऱ्या टोकाला रेंगाळणाऱ्या एखाद्या पोराकडे टक लावून बसलेले असायचे. डोक्यावर कान झाकणारी जाड टोपी, पायांत रबरी तळाचे बूट, मांडीवर शाळकरी वही.

दोन हजार तेराच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा सिंगापूरमध्ये जुरोंग ईस्टला राहत होतो आणि तिथल्या एका मॉलमध्ये वरच्या मजल्यावर बर्फाचं मैदान होतं. बाहेर बारा महिने घाम आणि आत तोंडातून वाफ. माझा मुलगा तेजस तिथल्या क्लबकडून खेळायचा. तेरा वर्षांचा, वर्गात सगळ्यांत उंच, मैदानावर जागा बचावपटूची. एका शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी शाल गुंडाळून बसले होते. शेजारच्या माणसाच्या वहीकडे सहज नजर गेली आणि मी चमकले. वहीत देवनागरी अक्षरं होती. लिहिलं होतं, 'सहा नंबर. पाय उत्तम. हात उत्तम. मान?'

सहा नंबर तेजसचा.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"सहा नंबर तुमचा का?"

"हो."

"उंची आईकडून आलीय," ते म्हणाले आणि पुन्हा मैदानाकडे बघू लागले.

"मान म्हणजे काय?"

"अजून कळलेलं नाही. बघून सांगतो."

'बघून सांगतो' हे त्यांचं पालुपद होतं. ते ऐकलं की पुढे कोणाचं तरी वाईट होणार, हे मला नंतर कळलं.

सर मूळ सांगलीचे. शिक्षणानं रेफ्रिजरेशनचे इंजिनिअर. तरुणपणी कॅनडात गेले ते एका लहान गावातल्या बर्फाच्या मैदानाची यंत्रं सांभाळायला. बर्फ नीट धरतोय की नाही हे बघत मैदानाभोवतीच्या काचेबाहेर उभं राहता राहता त्यांना खेळ दिसायला लागला. चौदा हिवाळे ते त्या काचेबाहेर उभे होते. गावच्या कोचला ते जाता जाता काहीतरी सांगायचे आणि ते खरं निघायचं. मग आजूबाजूच्या गावांचे संघ त्यांना बोलावू लागले. हा मुलगा घ्यावा का, हा पुढे टिकेल का, पैसे घेऊन खेळणाऱ्यांत याचा निभाव लागेल का, हे सांगायला. स्वतः सरांना स्केटिंग येत नव्हतं. चौतिसाव्या वर्षी एकदा प्रयत्न केला, आपटले आणि घरी येऊन वहीत स्वतःबद्दलच लिहून ठेवलं, 'पाय नाहीत. हौस भरपूर. निर्णय: काचेबाहेर.' त्यांची बायको कॅनडातच राहिली. "तिनं माझं मूल्यमापन केलं," सर सांगायचे, "आणि बरोबर केलं." पुढे शीतगृहं उभारणाऱ्या एका कंपनीच्या नोकरीवर ते सिंगापूरला आले. बुकित बातोकला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे आणि शनिवार-रविवार टोपी पिशवीत घालून एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, जुरोंग ईस्टला यायचे.

पालक त्यांना घाबरत. तरी त्यांच्याकडे जात, कारण त्यांचं म्हणणं बाहेरदेशीच्या कोचना माहीत होतं. गोलरक्षक मुलाच्या आईला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तो गोल अडवत नाही. पक त्याला येऊन लागतो." एका नऊ वर्षांच्या मुलीला त्यांनी मैदानातून बाहेर येताना थांबवलं आणि इंग्रजीत हळूच विचारलं, "तुला हे आवडत नाही ना?" मुलगी रडायला लागली आणि मान हलवून हो म्हणाली. तिच्या वडिलांनी चार वर्षं तिला पहाटे उठवून आणलं होतं. त्यांनी सरांची कॉलर धरली. सर शांतपणे म्हणाले, "मी विचारलं. तुम्हीही विचारू शकला असता." ती मुलगी परत आली नाही. तिच्या वडिलांना मी नंतर एकदा मॉलमध्ये पाहिलं. ते खालच्या मजल्यावरून वर, मैदानाच्या दिशेनं बघत उभे होते.

मला हे सगळं क्रूर वाटे. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, "मुलं आहेत सर. जरा चांगलं बोललं तर काय बिघडतं?"

"चांगलं बोलायला त्यांच्याकडे आई-बाप आहेत, कोच आहेत," ते म्हणाले. "मुलगा चांगला आहे हे सगळ्यांना दिसतं, वहिनी. कुठपर्यंत चांगला आहे, हे सांगायला माणूस लागतो."

"तुमचं कधी चुकलं नाही?"

"दोनदा. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं आणि मुलगा वर गेला." त्या दोघांची नावं, गावं, सगळं त्यांनी सांगितलं. ते लपवत नसत.

ही दोन मुलं माझ्या डोक्यात घर करून राहिली.

तेजस पंधराचा झाला तोवर क्लबमध्ये त्याच्या तोडीचा बचावपटू नव्हता. बँकॉकला, क्वालालंपूरला स्पर्धा झाल्या तिथेही नव्हता. त्याचा फटका असा होता की काचेवर पक आदळला तर बाकावर बसल्या बसल्या माझ्या छातीत धस्स व्हायचं. माझा नवरा मिलिंद एका संशोधन संस्थेत इंजिनिअर. हॉकीतलं त्याला आधी काही कळत नव्हतं, पण दोन वर्षांत त्यानं सगळे नियम पाठ केले. कॅनडातल्या एका निवासी शाळेनं तेजसमध्ये रस दाखवला. शाळा हॉकीपटू तयार करणारी होती. तिथून पुढचा रस्ता थेट व्यावसायिक संघांकडे जातो असं सगळे म्हणत. शाळेला एक गोष्ट हवी होती. ज्यानं खेळाडू पारखले आहेत अशा कोणाचं तरी लेखी मत.

आम्ही मोघे सरांकडे गेलो. त्यांनी दोन अटी घातल्या. तीन महिने बघणार, आणि अहवाल आधी घरी देणार. "शाळेला पाठवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण मुलाला तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर तो मला चार शिव्या देईल आणि मोकळा होईल. घरातून ऐकलं तर विचार करेल."

तीन महिने मी त्यांच्यासाठी सामन्यांचं चित्रण केलं. ते मला सांगत, "पक सोडा. सहा नंबर सोडू नका." पहिले दोन आठवडे मला ते जमलं नाही, माझा कॅमेरा आपोआप चकतीमागे जाई. मग जमायला लागलं. आपल्याच मुलाकडे मी पहिल्यांदा एवढा वेळ सलग बघत होते. तो आपली जागा सोडून कोपऱ्यात जायचा, मागून दोघं धावत यायचे, तो पक काढून द्यायचा आणि काचेला चिकटून क्षणभर डोळे मिटायचा. हे डोळे मिटणं मला दिसलं होतं. मी त्याचा अर्थ लावला नाही.

सरांनी अहवाल दिला तो वहीतून फाडलेल्या दोन पानांवर, मराठीत. तेजसला मराठी बोलता येई, तेही मोडकं, लिंगवचनाची भेळ करून. वाचता अजिबात येत नव्हतं. मी घरी जेवणाच्या टेबलावर ती पानं उघडली. मिलिंद शेजारी उभा होता. तेजस समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

त्यात लिहिलं होतं ते मला आजही शब्दशः आठवतं.

'पाय, हात, फटका, उंची: वयाच्या पुढे. मेहनत: पूर्ण. दोष एकच. कोपऱ्यातला पक आणायला जाताना हा मागे वळून बघत नाही. बचावपटूनं पकपर्यंत पोचायच्या आधी दोनदा मान वळवली पाहिजे. हा एकदाही वळवत नाही. मी आधी याला सवय समजलो. ही सवय नव्हे, भीती आहे. बघितलं तर पाय थांबतील, म्हणून तो बघत नाही. आज समोरची पोरं हलकी आहेत म्हणून निभावतं. मोठ्या, जड पोरांत गेला तर मागून मार बसेल आणि कायमचा बसेल. ही भीती शिकवून जात नाही. मी गेलेली पाहिलेली नाही. व्यावसायिक: नाही. त्याखालच्या दर्जालाही नाही. आनंदासाठी जरूर खेळावं.'

आणि तळाशी, 'घर: वडिलांना मुलगा मोठा झालेला हवा आहे. आईला तो नाराज झालेला नको आहे. दोघांपैकी कोणीही त्याला हे सांगेल असं वाटत नाही, तरी देतो आहे.'

"व्हॉट डिड ही से, मा?" तेजसनं विचारलं.

मी पानांची घडी घातली. म्हटलं, "सर म्हणतात पाय, हात, फटका सगळं तुझ्या वयाच्या पुढे आहे. कोपऱ्यात जाताना अजून थोडं लक्ष दे म्हणतात."

"दॅट्स ऑल?"

"हो."

त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून मला वाटलं, आपण बरोबर केलं. 'दोनदा चुकलेत ते,' मी स्वतःला सांगितलं. 'आपला तिसरा.'

तेजस खोलीत गेल्यावर मिलिंदनं ती पानं माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचली. आम्ही नागपूरचे, बौद्ध. मिलिंदचे आजोबा शाळेच्या दाराबाहेर बसून शिकले. त्याच्या वडिलांना हेडमास्तरांनी सांगितलं होतं, सायन्स तुझं काम नाही. मिलिंदला कॉलेजात त्याच्या मार्कांवरून काय काय ऐकावं लागलं ते त्यानं मला लग्नानंतर दहा वर्षांनी सांगितलं. पुढच्या शनिवारी त्यानं सरांना मॉलच्या तळमजल्यावर कॉफीच्या दुकानापाशी गाठलं. मी सोबत होते.

"तीन पिढ्या आम्हाला कोणीतरी सांगत आलंय, हे तुमचं काम नव्हे," मिलिंद म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "सांगणाऱ्यांची आडनावं तुमच्यासारखीच होती, मोघे. आता बर्फावरही तुम्हीच सांगणार?"

सरांच्या हातात बिनसाखरेची काळी कॉफी होती. तिचा कप त्यांनी टेबलावर ठेवला.

"माझ्या आडनावाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," ते म्हणाले. "माझ्या आजोबांनी असल्या शाळा चालवल्या आहेत. मिलिंदराव, तुमच्या मुलाच्या मानेबद्दल मी म्हणतो तेही बरोबर आहे. एकाचा राग दुसऱ्यावर काढू नका. मान त्याची आहे."

मिलिंद निघून गेला. मी पर्स उचलत होते तेव्हा सरांनी मला विचारलं, "मुलाला सांगितलं?"

"हो," मी म्हटलं.

"सगळं?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मग आता तो ठरवेल ते खरं. ऐकून, समजून जायचं म्हणत असेल तर मी आडवा येणार नाही. उडी त्याची आहे."

सरांचा अहवाल आम्ही शाळेला पाठवला नाही. क्लबमध्ये चार महिन्यांसाठी आलेल्या एका पाहुण्या कोचनं छान पत्र लिहून दिलं. मोठ्यानं हसणारा, सगळ्या मुलांच्या पाठीवर थाप मारणारा माणूस होता तो. त्या पत्रात तेजसला 'निडर' म्हटलं होतं. ऑगस्टमध्ये तेजस कॅनडाला गेला. विमानतळावर मोघे सरही आले होते. त्यांनी तेजसचा हात हातात घेतला आणि इंग्रजीत म्हणाले, "तू कळून-सवरून जातो आहेस. मला त्याचा आदर आहे." तेजसला काही समजलं नाही. त्यानं हसून "थँक्यू, अंकल" म्हटलं. मी बॅगेचं कुलूप तपासत राहिले.

दुसऱ्या हिवाळ्यात फोन आला. इथे दुपार होती, मी भाजी निवडत होते. शाळेतल्या बाईंनी आधी तीनदा माझं नाव विचारून खात्री केली. तेजस कोपऱ्यात पक आणायला गेला होता. मागून येणारा मुलगा अठरा वर्षांचा होता आणि त्यानं नियमाबाहेर काहीही केलं नव्हतं. तेजसला तो येताना दिसायला हवा होता, इतकंच. तो काचेवर डोक्यानं गेला. मानेचे दोन मणके मोडले. मी तिथे पोचले तेव्हा त्याला लोखंडी चौकटीत बांधून ठेवलं होतं आणि तो छताकडे बघत होता. "आय डिडन्ट सी हिम, मा," तो म्हणाला. हे तो दिवसातून पाच-सहा वेळा म्हणायचा. तो माफी मागितल्यासारखं म्हणायचा, आणि मी त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणायचे, "तुझी काही चूक नाही." हे तेवढं खरं होतं.

तो चालायला लागला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहे. डाव्या हाताची दोन बोटं बधिर राहिली आणि मान पूर्ण वळेना. सतराव्या वर्षी तो जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये परत आला आणि सोफ्यावर पडून राहू लागला. शाळेचे मित्र भेटायला आले की सिंगापुरी धाटणीत म्हणायचा, "बॅड लक, लाह." ते गेले की भिंतीकडे तोंड करायचा.

चार महिन्यांनी मी मोघे सरांकडे गेले. बुकित बातोकच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एक टेबल, दोन खुर्च्या आणि वह्यांनी भरलेलं एक कपाट होतं. त्यांना अपघाताचं कळलेलं होतं. मी बसले आणि सगळं सांगितलं. त्याला काय सांगितलं, काय गाळलं आणि त्यांच्याशी काय खोटं बोलले, ते सगळं.

त्यांनी मला पाणी दिलं नाही.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मी विमानतळावर त्याला काय म्हणालो, आठवतं?"

"हो."

"तुम्ही शेजारी उभ्या होता."

मी रडायला लागले. ते थांबले, पण माझ्यासाठी नाही. आवाज खाली आला की बोलता येईल म्हणून थांबले. "मार त्याला बसायचा होताच, वहिनी. ते कोणाच्या हातात नव्हतं. पण कळून खाल्लेला मार वेगळा. त्यानं ऐकलं असतं आणि तरी गेला असता, तर आज तो सोफ्यावर पडून 'मी हरलो' म्हणाला असता. आता तो 'माझं नशीब' म्हणतोय. हरलेला माणूस उठतो. नशिबाशी कोण भांडणार? त्याचा निर्णय तुम्ही खाऊन टाकलात."

"मी त्याचं मन दुखवायचं नाही म्हणून..."

"तुम्हाला त्याचा चेहरा पडलेला बघवत नव्हता. ते तुमचं दुखणं. त्याच्या नावावर घालू नका."

मग ते उठले, खिडकीपाशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "एक चूक माझीही आहे. मी मराठीत लिहिलं. त्याच्या तोंडावर त्याला कळेल अशा भाषेत बोललो नाही. तुमच्यावर ढकललं. मला वाटायचं ती माझी पद्धत. भ्यालो होतो, दुसरं काय. त्या पोराचा चेहरा मलाही बघायचा नव्हता."

"आता काय करू?" मी विचारलं.

"सांगा त्याला. तो तुम्हाला माफ करणार नाही. त्यानंतरही त्याला जेवायला वाढायचं आहे, औषधं द्यायची आहेत. जमतंय का बघा."

मी त्याच संध्याकाळी तेजसला सांगितलं. ती दोन पानं पासपोर्टांच्या फाइलमध्ये होती, ती आणून समोर ठेवली. या वेळी एकही शब्द गाळला नाही. तळाच्या ओळीही वाचल्या. तो मध्येच म्हणाला नाही की थांब. वाचून झाल्यावर त्यानं पानं हातात घेतली आणि त्या अक्षरांकडे बघत राहिला. त्याला त्यातलं एकही ओळखता येत नव्हतं.

"हाऊ डू आय नो," तो म्हणाला, "दॅट दिस इज ऑल ऑफ इट?"



तो माझ्याशी दोन महिने बोलला नाही. मिलिंदशी कामापुरतं बोलायचा. पण सोफ्यावरून उठला. दर शनिवारी सकाळी आंघोळ करून बाहेर पडायचा आणि दुपारी यायचा. कुठे जातोस, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. एकदा त्याच्या खिशातून मोघे सरांच्या अक्षरातला कागद निघाला. 'क, ख, ग' काढून दिलं होतं, मोठ्या, जाड अक्षरात, आणि खाली बधिर बोटांच्या हातानं गिरवलेल्या वेड्यावाकड्या ओळी होत्या. तेजस डावखुरा आहे. तो सरांकडे मराठी वाचायला शिकत होता. घरात मी होते. मी नागपूरला शाळेत मराठी शिकवत असे. तो एक स्टेशन पलीकडे त्यांच्याकडे जात होता.

त्या तासांत काय व्हायचं ते मला त्यानं कधीच सांगितलं नाही. जे कळलं ते सरांकडून, तेही एकदाच, फोनवर. "फार हळू शिकतो," ते म्हणाले. "जोडाक्षरांना अडखळतो. पण खोटं कौतुक केलं की लगेच ओळखतो. चांगला विद्यार्थी आहे. कुठपर्यंत ते बघून सांगतो."

ते सांगायला त्यांना वेळ मिळाला नाही. दीड वर्षानं त्यांच्या स्वादुपिंडाचा आजार कळला तेव्हा तो सगळीकडे पसरला होता. डॉक्टरांनी उपचारांची भाषा सुरू केली तेव्हा त्यांनी विचारलं म्हणे, "किती महिने?" डॉक्टर आढेवेढे घेऊ लागले. सर म्हणाले, "तुम्ही तरी नीट सांगा." सांगलीहून त्यांची बहीण आली. तेजस रोज हॉस्पिटलमध्ये जायचा आणि त्यांना त्यांच्याच वह्या वाचून दाखवायचा. त्या वह्यांत चाळीस वर्षांतली पोरं होती, कोणाचे पाय, कोणाचे हात, कोणाचा निर्णय. मी एकदा दाराशी उभी राहून ऐकलं. तो अडखळत होता आणि सर डोळे मिटून त्याला सुधारत होते. "'निष्काळजी' म्हण. 'निश्काळजी' नाही."

अंत्यसंस्काराला नऊ माणसं होती. त्या नऊ वर्षांच्या मुलीचे वडील आले होते, का ते मला माहीत नाही. कोणी भाषण केलं नाही. सरांच्या बहिणीनं मला विचारलं, "तुमची कशी ओळख?" मी म्हटलं, "माझ्या मुलाचे सर." तिनं तेजसकडे पाहिलं. तो अवघडलेल्या मानेनं, संपूर्ण अंग वळवून दाहिनीच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत होता.

परतताना एमआरटीत आम्ही दोघंच शेजारी बसलो. मिलिंद परस्पर कामावर गेला होता. भर दुपारची वेळ असल्यानं गाडी रिकामी होती. तोवर आमचं बोलणं सुरू झालेलं होतं, जेवणाचं, कॉलेजच्या प्रवेशाचं, औषधांचं. जे बोलायचं होतं ते दोन वर्षांत कोणीच बोललं नव्हतं. मला वाटलं, आज विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही.

"तेजस, तू मला माफ केलंस का?"

पटकन हो म्हणून विषय मिटवणं त्याला सोपं होतं. पूर्वीचा तेजस तसंच म्हणाला असता. एक स्टेशन आलं, दारं उघडली, मिटली. तो खरोखर विचार करत होता.

"नाही," तो म्हणाला. स्वच्छ मराठीत. मग थोड्या वेळानं, "अजून नाही."

मला लागलं. जिथे लागायला हवं होतं तिथे लागलं. पण माझ्या मुलानं माझा चेहरा सांभाळण्यासाठी शब्द बदलला नव्हता. मी मान डोलावली आणि आम्ही घरी जाईपर्यंत तसेच शेजारी बसून राहिलो.